नाईकाचा साथीदार कुठे गेला?

कळंब तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरी, त्याच जिल्ह्यात तुळजापूरला भवानी. या दोन ठाण्यांच्या मुलखात लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरे झाले असे अनेक घरांत आजही मानत नाहीत. चौक भरतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे लागते, देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवतण जाते आणि मग आख्यान सुरू होते. या आख्यानात उभे असतात ते दोघे. नाईक जाणता. कथा, वंशावळ, स्थळमाहात्म्य, राजाराण्यांची नावे सगळे त्याच्या जिभेवर. त्याच्या शेजारचा साथीदार अजाणतेपणाचे सोंग घेतो, मध्येच थांबवतो, चुकीचे ऐकतो, उलटे विचारतो, यजमानाच्या गावातला एखादा संदर्भ कथेत घुसवतो. लोक हसतात आणि नाईकाला तीच गोष्ट पुन्हा, सोपी करून सांगावी लागते. भूतकाळ लोकांसमोर मांडण्यासाठी मराठीला सापडलेली ही सर्वांत कसदार रीत आहे, असे माझे मत आहे. आपल्या काळात तिचे दोन तुकडे झाले. जाणता एका व्यासपीठावर गेला, हसवणारा दुसऱ्यावर, आणि या फाटाफुटीत दोघांचेही नुकसान झाले.

साथीदाराचे काम करमणुकीचे, म्हणून दुय्यम, असे समजण्यात मोठी चूक आहे. आख्यान ठरलेले असते, प्रश्न ठरलेला नसतो. कोणत्या अंगणात कोणता प्रश्न येईल ते समोर बसलेल्या माणसांवर अवलंबून असते, आणि त्यामुळे शेकडो वेळा सांगून गुळगुळीत झालेली कथा त्या रात्रीपुरती पुन्हा खडबडीत होते. श्रोत्याच्या मनातली शंका त्याने न बोलता साथीदाराच्या तोंडून बाहेर पडते. राजाने मोहीम काढली म्हणताच ‘घोड्याला वैरण कुणी घातली?’ असे विचारणारा माणूस विनोद तर करतोच, पण कथेत नसलेल्या माणसांना कथेत आणतो. अर्थात गोंधळ हा देवीचा विधी आहे. साथीदार कितीही मोकाट सुटला तरी शेवटी त्याला देवीच्या चरणाशीच यावे लागते, आणि त्याचे प्रश्न नाईकाच्या उत्तराला वाट करून देण्यासाठीच असतात. त्याला बंडखोर ठरवण्याचा मोह टाळायला हवा. प्रश्नासाठी एक जागा राखून ठेवलेली होती, एवढेच खात्रीने म्हणता येते. ती जागा किती महत्त्वाची होती हे पोवाड्याकडे पाहिले की कळते. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९च्या त्या घटनेच्या आसपासचा, उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, पण ते झील ओढतात, हरकत घेत नाहीत. वीररस त्यामुळे चढला, पण मध्येच थांबवून विचारणारा उरला नाही.

हरकत घेणाऱ्याला पुढे आसरा दिला तो तमाशाने. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात बतावणी ही पूर्णपणे हजरजबाबीपणाची जागा, आणि वगातही कथेचा सांगाडा ठरवून संवाद आयत्या वेळी बोलण्याची पद्धत पुष्कळ काळ चालली. सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून राजाला गावच्या भाषेत जाब विचारू शकत असे. महात्मा फुल्यांनी या जागेचे मोल फार लवकर ओळखले होते. १८५५च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात त्यांनी विदूषक योजला तो राजाचा मित्र म्हणून नव्हे. शेतकरी कुटुंबाला नाडणाऱ्या जोशाचे प्रत्येक वाक्य उघडे पाडण्याचे काम त्याच्याकडे आहे. याच फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. प्रश्न विचारणारे पात्र आणि इतिहासाचा दावा, दोन्ही एकाच लेखकाच्या हातात होते. पुढे सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला मजकूर बदलला, आंबेडकरी जलशांनी त्याला आणखी धार दिली. कळंबच्या शेजारच्या बार्शीत जन्मलेले अमर शेख, त्यांच्यासोबतचे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकातून हाच धागा कामगारांच्या मैदानात नेला. या सगळ्यांची भूमिका उघड पक्षपाती होती. तरीही त्यांच्या रंगमंचावर दोन माणसे भांडत होती, आणि त्या भांडणातून प्रेक्षकाला स्वतःचे उत्तर शोधायला वाव होता.

फाटाफूट स्पष्ट दिसते ती १९६०-७०च्या काळात, आणि ती दोन थोर प्रयोगांतून दिसते हे विशेष. वसंत सबनिसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’चे ‘विच्छा माझी पुरी करा’ झाले आणि १९६५पासून दादा कोंडके यांनी ते गाजवले. रोजच्या बातमीवर रोज नवे वाक्य, प्रत्येक गावात वेगळी ॲडिशन, समोरच्या पुढाऱ्याला जागच्या जागी टोला! उत्स्फूर्त विनोदाची एवढी ताकद मराठी रंगभूमीने क्वचितच पाहिली असेल. पण त्यातला राजा कुठल्याच काळातला नाही, त्याचे राज्य कुठल्याच नकाशावर नाही. इतिहास तिथे नावापुरता आहे. उलट १९७२ साली पुण्यात आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस आहेत, पेशवाईतले पुणे आहे, खेळ्यांची लोकपरंपरेतली चाल आहे. मात्र माणसांच्या भिंतीची प्रत्येक हालचाल बांधलेली, प्रत्येक शब्द ठरलेला. विजय तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे सांगूनही वाद पेटला, अवघ्या १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले आणि १९७४मध्ये थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभे केले. या इतिहासातून रंगभूमीने घेतलेला धडा मला घातक वाटतो. हसायचे तर काल्पनिक राजाला हसावे आणि खरा राजा आणायचा तर हसू नये, ही अलिखित वाटणी तेव्हापासून घट्ट होत गेली.

ती वाटणी मोडणारे एक नाटक मराठवाड्यातूनच आले. २०१२ सालचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि संगीत संभाजी भगत, आणि जालना जिल्ह्यातली, शेतीमातीत वावरलेली नटमंडळी. यम शिवाजी महाराजांची पगडी घेऊन ती कुणाच्या डोक्याला बसते हे शोधत फिरतो, ही कल्पनाच बतावणीच्या घराण्यातली आहे. पण नाटकाचा गाभा आहे तो दोन शाहिरी फडांच्या सवाल-जवाबात. एक शाहीर रूढ शिवचरित्र जोशात गातो, दुसरा त्याला अडवतो. महाराजांचे सैनिक कोण होते, मुसलमान सरदार कुठे गेले, रयतेच्या गवताच्या काडीला हात लावू नका हे धोरण कुठे हरवले, असे विचारतो. या मागची मांडणी गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या १९८८च्या, भाषणातून तयार झालेल्या पुस्तिकेशी नाते सांगते. म्हणजे अभ्यासकाचे म्हणणे सवाल-जवाबाच्या रूपात शाहिराच्या तोंडी आले आणि ते ऐकताना प्रेक्षागृह खळखळून हसले. हास्यामुळे महाराजांची उंची कमी झाली असे हे नाटक पाहिलेला कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. कमी झाली ती त्यांच्या नावावर दुकान चालवणाऱ्यांची. मला त्यातही एक उणीव दिसते. दुसरा शाहीर जिंकणार हे पहिल्या सवालापासून ठरलेले आहे. पहिल्याला एकदाही खरोखर अवघड पुरावा हाती दिला असता तर लढत अधिक खरी झाली असती. गोंधळात नाईक नेहमी जिंकतो, इथे साथीदार नेहमी जिंकतो. हार-जीत आधीच ठरली की उत्स्फूर्ततेचा श्वास अर्धा होतो.

आणि आज? शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला, किंवा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, कळंबसारख्या तालुक्याच्या गावी इतिहास ऐकायला गर्दी होते, हे आनंदाचे आहे. पण व्यासपीठावर एकटा वक्ता असतो. त्याचा आवाज वाढत जातो, टाळ्या वाढत जातात, आणि प्रश्नोत्तरांचा तास कार्यक्रमपत्रिकेत बहुधा नसतो. तिकडे दूरचित्रवाणीवर २०१४पासून ‘चला हवा येऊ द्या’ने आणि २०१८पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने खेड्यापाड्यातल्या गुणी विनोदी नटांना घराघरांत नेले. त्यांच्या हजरजबाबीपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचे विषय घर, चाळ, लग्न, कार्यालय आणि सिनेमा यांच्या पलीकडे फारसे जात नाहीत. मराठी पॉडकास्टवर इतिहासाचे अभ्यासक तासन्‌तास बोलतात, पण समोरचा निवेदक आदराने मान हलवतो. बीबीसीच्या ‘यू आर डेड टू मी’ या २०१९पासूनच्या कार्यक्रमात सूत्रधार ग्रेग जेनर प्रत्येक वेळी एक इतिहास-अभ्यासक आणि एक विनोदी कलावंत समोरासमोर बसवतो. विनोदी कलावंताला विषयाची फारशी माहिती नसणे ही तिथे अडचण नाही, ती त्या कार्यक्रमाची गरज आहे. हे ऐकून आपल्याकडे कुणी त्याची नक्कल करू पाहील, तर त्याने आधी येरमाळ्याच्या वाटेवरचा एखादा गोंधळ पूर्ण रात्र ऐकावा. ती मांडणी आपल्या अंगणात केव्हाची उभी आहे.

यावर पहिला आक्षेप पूज्यतेचा. ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो त्यांच्याबद्दल हसावे कसे? या आक्षेपाला उडवून लावू नये, कारण त्यामागे खरी माया आहे. पण भवानीपुढे उभे राहून गोंधळी हसवतो, एकनाथांचे भारूड अध्यात्म सांगता सांगता हसवते, आणि त्या हसण्याने भक्तीला कधी बाधा आली नाही. अपमान हसण्यात नसतो, हसण्याचा रोख कुणावर आहे त्यात असतो. दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. आयत्या वेळी बोललेल्या वाक्याला पुरावा कुठला? नटाच्या तोंडून निघालेली चूक हजारो लोक सत्य म्हणून घरी नेतील. धोका खरा आहे. पण लिहून पक्क्या केलेल्या कलाकृतींनी केलेल्या चुका किती टिकल्या ते पाहा. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’सारख्या नाटकांनी संभाजी महाराजांचे व्यसनी, विलासी चित्र रंगवले. वा. सी. बेंद्रे यांनी मूळ कागदपत्रे धुंडाळून १९६०मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले तोवर ते चित्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात मुरले होते, आणि त्याचा राग २०१७च्या जानेवारीत पुण्यातल्या संभाजी उद्यानातल्या गडकऱ्यांच्या पुतळ्यावर निघाला. लिखित नाटक आपली चूक स्वतः दुरुस्त करत नाही. ज्या मंचावर जाणता हजर आहे तिथे चूक त्याच मिनिटाला अडवता येते, आणि ती अडवण्यातूनच प्रेक्षकाला कळते की इतिहास पुराव्याने ठरतो. म्हणून माझा आग्रह एकट्या सोंगाड्याचा नाही. सोंगाड्याच्या बाजूला कागदपत्रे वाचलेला माणूस हवाच. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारखा, फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडणारा अभ्यासक असा मंचावर बसला असता तर काय झाले असते, याची कल्पना करायला हरकत नाही.

सामग्रीची तर वाण नाही. कळंबच्या शेजारी तेर आहे, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये ज्याची नोंद आहे ते तगर. रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या त्या नगरीतल्या वस्तू गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय तिथे उभे राहिले. परदेशी व्यापारी आणि तेरचा कुंभार यांच्यातल्या सौद्यावर एक बतावणी सहज उभी राहील, आणि मातीच्या भांड्यांचा अभ्यासक त्यात पदोपदी भर घालू शकेल.

पण या कलेची खरी कसोटी तेर नाही, १९४८ आहे. निजामाच्या राजवटीतला हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झाला. रझाकारांचे अत्याचार, त्यांच्याशी झुंजलेली माणसे यांची आठवण दरवर्षी काढली जाते, आणि काढलीच पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले हे मात्र व्यासपीठावर येत नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाअखेरीस दौरा करून संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. बळी मुख्यतः मुसलमान होते आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे याच जिल्ह्याचे, नाव होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. अशा विषयावर विनोद करा असे कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मृत्यूवर हसायचे नसते. तरीही साथीदाराचे काम इथेच संपते असे मला वाटत नाही. त्याचे सगळ्यात मोठे बळ हसवण्यात नव्हते, ‘थांबा, मला कळले नाही’ असे भर सभेत म्हणण्यात होते. सत्कारांच्या आणि हारांच्या त्या सभेत ‘मग पुढच्या महिन्यात काय झाले?’ एवढे विचारण्याची मुभा आज फक्त त्याच्याच परंपरेला आहे, कारण वर्षानुवर्षे लोकांनी त्याचे उद्धट प्रश्न प्रेमाने ऐकले आहेत. त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या अभ्यासकाला अहवालातले आकडे, त्यांच्या मर्यादा, रझाकारांच्या हिंसेचा पुरावा आणि पुढच्या सुडाचा पुरावा हे सारे एकाच बैठकीत मांडावे लागेल. जिथे कागद गप्प आहेत तिथे ‘हे अजून ठाऊक नाही’ असेही म्हणावे लागेल. एकट्याने भाषण देणाऱ्या वक्त्याला हे वाक्य उच्चारण्याची वेळ कधी येतच नाही, कारण त्याला ते उच्चारायला लावणारे शेजारी कुणी उभे नसते.