कनातीतल्या तिकिटाची बाजू

पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडल्या की तमाशाचा हंगाम कोणत्या वळणाने जाणार हे फडांच्या फलकांवरूनच कळतं. अलीकडे या फलकांवर वगाचं, म्हणजे तमाशातल्या कथानाट्याचं, नाव शोधावं लागतं. प्रकाशयोजना, एलईडीचा पडदा, ध्वनियंत्रणा आणि नृत्यांगनांचा ताफा ठळक अक्षरांत असतो. वग असलाच तर खाली कोपऱ्यात. तमाशा कलावंत विठाबाईंच्या गावात हे चित्र दिसावं याचा मला राग येतो, आणि या रागाचा संबंध वरवर अगदी दूरच्या वाटणाऱ्या एका प्रश्नाशी आहे. शहरातल्या कॉन्सर्टचं हजारो रुपयांचं तिकीट खरंच त्या मोलाचं असतं का? फडमालकांनी या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात ‘हो’ असं देऊन टाकलं आहे. महागडं ते भारी, तेव्हा आपणही तसंच दिसलं पाहिजे, या समजुतीने ते कर्ज काढून पडदे आणि दिवे आणत आहेत. ती समजूतच तपासायला हवी.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती, ती पाहता पाहता संपली आणि दुय्यम बाजारात लाखांच्या भाषेत बोलणी झाली. या किमतीचा एक भाग समजण्यासारखा आहे. रेकॉर्ड आणि सीडीची विक्री बसल्यापासून गायकांची कमाई प्रत्यक्ष कार्यक्रमांवर आली, आणि स्टेडियमभर आवाज नि उजेड पोचवायला अफाट खर्च येतो. पण दर्शनी किमतीच्या वर जे लाखो मागितले गेले त्यातला पैसा ना गायकाकडे गेला ना तंत्रज्ञाकडे; तो मधल्या माणसाने टंचाईवर काढला. शिवाय अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी २०१९ च्या पुस्तकात दाखवून दिलं आहे की तिथल्या कार्यक्रमांच्या एकूण उत्पन्नातला निम्म्याहून मोठा वाटा वरच्या एक टक्का कलावंतांकडे जातो. १९८२ मध्ये तो साधारण चौथा हिस्सा होता. तेव्हा महाग तिकिटामुळे संगीत जगतं हा युक्तिवाद अर्धवट आहे. त्याने काही नावं जगतात. आणि प्रेक्षकाला काय मिळतं? दोनशे मीटरवरून तो पडदाच पाहतो. त्याच दौऱ्यातला अहमदाबादचा २६ जानेवारीचा कार्यक्रम लोकांनी घरबसल्या मोबाइलवर पाहिला. स्टेडियममध्ये जाणाऱ्याने पैसे मोजले ते तिथे हजर असण्याचे. या हजेरीला मी कमी लेखत नाही; हजारो गळ्यांनी एक गाणं म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. पण दिवे, पडदा आणि सूर यांचा मेळ तिथे आधीच बांधलेला असतो. आजच्या प्रेक्षकामुळे आजचा प्रयोग फारसा बदलत नाही. जिवंत कलेच्या तिकिटाची माझी कसोटी हीच आहे: मी तिथे नसतो तर हा प्रयोग असाच झाला असता का?

मागणीनुसार भाव चढणं ही काही परदेशी रीत नव्हे. नारायणगावच्या राहुटीत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्नर-आंबेगावच्या आणि पलीकडच्या गावांचे यात्रा कमिटीवाले इथे येतात, तिथी सांगतात आणि सुपारी, म्हणजे खेळाचा मोबदला, ठरते. चैत्र पौर्णिमेसारखी मोठी तिथी असेल तर त्याच फडाचा भाव एरवीपेक्षा कितीतरी चढतो, आणि फडाचं वर्षाचं गणित या मोजक्या तिथींवरच उभं असतं. २०२० साली पाडवा आणि देशव्यापी टाळेबंदी एकाच दिवशी, २५ मार्चला आली. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत बाजार मोडला आणि शंभर-सव्वाशे माणसांचे फड उचलीच्या ओझ्याखाली घरी बसले. कॉन्सर्ट आणि सुपारी यांत फरक आहे तो पैसे कोण देतो यात. सुपारीत गावाची वर्गणी पैसे देते आणि प्रेक्षक फुकट बसतो. यात मोठेपण आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे: शेतमजूर आणि बागायतदार एकाच मैदानात बसतात, कोणाला दारात अडवलं जात नाही. पण याच रचनेत एक खोट आहे. फड ठरवणारा आणि फड पाहणारा निराळे असतात. ठरवणाऱ्याला गर्दी हवी असते, शेजारच्या गावापेक्षा मोठा मंडप हवा असतो. वग कसा रंगला याचा हिशेब तो मागत नाही. पडदे आणि दिवे आले ते या दाराने.

उलट कनातीतल्या तमाशात, म्हणजे तिकीट लावून होणाऱ्या खेळात, प्रेक्षक स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो, आणि तिथेच तमाशाची खरी ताकद दिसते. गण-गवळण झाली, रंगबाजी झाली की बतावणीत, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवादात, सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर येतात. संहिता असते, पण ती फक्त टेकायला. गावात पाण्याची टंचाई आहे, टोमॅटोचा भाव कोसळला आहे, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं, हे सगळं सोंगाड्या दिवसा हेरून ठेवतो आणि रात्री राजाच्या दरबारात आणतो. समोरून हशा आला तर तो धागा ताणतो, शांतता पसरली तर क्षणात सोडून दुसरा पकडतो. सरदाराला त्याच्या मागे जावं लागतं, ढोलकीवाल्याला दोघांच्याही. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ किंवा कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिली, कारण गोष्ट पाठ असली तरी आजची रात्र पाठ नव्हती. दादा कोंडक्यांनी वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हीच बतावणी शहरी नाट्यगृहात नेली. तिथल्या प्रेक्षकाने तिकीट काढून ती वर्षानुवर्षं पाहिली. म्हणजे या गोष्टीला पैसे देणारा प्रेक्षक मराठीत नाही, हे खोटं आहे. वगाचं तर आणखी निराळं. तासभर उभं राहून पात्र पेलायचं, मध्येच सूर लावायचा, पुन्हा संवादात यायचं, ही विठाबाई भाऊ मांग यांनी कमावलेली विद्या आहे. त्यांना १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला तो ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचण्यासाठी नव्हे. मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर या फडप्रमुखांच्या पिढीने ही विद्या हाताशी ठेवली आहे. ती पुढच्या पोराने का शिकावी, असा प्रश्न आज आहे, कारण चार चित्रपटगीतांवर नाचणाऱ्याला तोच रोज मिळतो.



तमाशाचं तिकीट महाग केलं तर गरीब प्रेक्षक तुटेल, असा आक्षेप लगेच येईल. तो गंभीर आहे, पण त्याचं उत्तर सुपारीतच आहे: गाव वर्गणीतून फुकट दाखवतंच आहे, ते दार बंद होत नाही. प्रश्न कनातीचा आहे. २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि कनातीतलं तिकीट त्या रेषेच्या फार खाली रेंगाळतं. पुढच्या रांगांचं तिकीट दोनशे-तीनशे आणि मागची बैठक आजच्याच दरात, असं करायला कोणी अडवलेलं नाही. दुसरा आक्षेप असा की लोकांना वग नकोच आहे, म्हणून तो आखडला. हे मला पटत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद या नियमाने वगाची वेळच कापली. जे शेवटी येतं तेच आधी जातं. गाणी दहाच्या आत संपवायची आणि वग राहिला तर राहिला, अशी सवय लागली, आणि मग प्रेक्षकाला वग नको असं म्हणायला आपण मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्यांना, म्हणजे तमाशाच्या दिवसाच्या खेळाला, त्याच गावातले लोक उन्हात बसतात, ते कशासाठी?

अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये मांडलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. कारखान्यात यंत्राने माणसं कमी होतात. मंचावर होत नाहीत. बतावणीला दोन माणसं शंभर वर्षांपूर्वी लागत होती, आजही लागतात, आणि त्यांचं पोट मात्र आजच्या भावात भरावं लागतं. म्हणून जिवंत कलेचं तिकीट वाढणं अटळ आहे. तिकीट न वाढवणारी कला माणसं कमी करून जागा यंत्राने भरते, आणि तमाशात नेमकं तेच चाललं आहे: हलगी-ढोलकीवाला कमी, सोंगाड्याचा जोडीदार कमी, पडदा मोठा. कॉन्सर्टला पाच हजार देणारा जुन्नरचा, मंचरचा तरुण कनातीच्या दारात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो याला तो एकटा जबाबदार नाही. आपण त्याला सांगितलंच नाही की इथे त्याच्या हशाने प्रयोग वळतो, तिथे नाही. फडमालकांनी कॉन्सर्टची नक्कल करून स्वतःच ते सांगणं सोडलं. त्या शर्यतीत त्यांचा पडदा कायम लहानच पडणार, कारण समोरच्याचं अंदाजपत्रक कोट्यवधींचं आहे. त्यांच्याजवळ जे आहे ते त्या समोरच्याला कितीही पैशांत उभं करता येणार नाही. तेव्हा पुढच्या पाडव्याला राहुटीच्या फलकावर वगाचं नाव, वगलेखकाचं नाव आणि सोंगाड्याचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत यावं. यात्रा कमिटीशी सुपारी लिहिताना पूर्ण वग दाखवण्याची अट फडानेच घालावी, आणि ध्वनिक्षेपकाची वेळ पाहून वग आधी, गाणी नंतर, असा क्रम लावावा. कनातीचं तिकीट वाढवावं आणि वाढलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा बतावणीच्या जोडीला आणि ढोलकीला द्यावा, पडद्याच्या भाड्याला नाही.