मींड, पोलाद आणि नक्कल : ब्रिजभूषण काबरा यांच्या गिटारीच्या घरगुती ध्वनिमुद्रणांविषयी

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून उलगडतो, अशी तिची कल्पना. संतूर आणि बासरी या दोन्ही वाद्यांवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. गिटारीच्या वाट्याला मात्र समीक्षेपेक्षा अनुकरण अधिक आले. मांडीवर आडवी गिटार घेऊन पोलादी कांडीने वाजवणारे हौशी वादक आजही या मुद्रिकेतले तुकडे घरी बसवतात, मोबाइलवर किंवा संगणकावर मुद्रित करतात आणि एकमेकांना ऐकवतात. अशी मुद्रणे मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. त्यांपैकी कित्येकांत स्वर अचूक असतात, नाद जवळपास तसाच असतो, तरी काबरा ऐकल्याचा भास होत नाही. असे का व्हावे, याचा हा शोध आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. काबरा २०१८ साली गेले. त्यांची शैली आता मुद्रिकांत आणि शिष्यांच्या हातांत उरली आहे. ज्यांना शिष्यत्व मिळाले नाही त्यांच्यापुरता मुद्रिका हाच गुरू. या गुरूकडून नेमके काय शिकता येते आणि काय निसटते, हे समजून घेतले नाही तर पुढच्या पिढीला शैलीच्या नावाखाली तिचा मुखवटा मिळेल.

आधी वाद्याची कुळकथा. तारेवर पोलाद सरकवून गिटार वाजवण्याच्या पद्धतीचे श्रेय सर्वसाधारणपणे हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू याला दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. तबकड्यांमधून आणि फिरत्या वाद्यवृंदांमधून हा नाद जगभर गेला. ताऊ मो यांचे कुटुंब १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिले, आणि त्या शहरात हवाईयन गिटार चांगलीच रुजली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या धुना विजेच्या गिटारीवर घराघरांत नेल्या. जोधपूरला १९३७ साली जन्मलेल्या काबरा यांनी वेगळी वाट धरली. ते अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द झाले आणि रागसंगीताखेरीज या वाद्यावर दुसरे काही वाजवायचे नाही, अशा निष्ठेने वाजवत राहिले. मोठ्या गिब्सन गिटारीचा मेरू उंच करून आणि तिला स्वराची जादा तार जोडून त्यांनी ती आपल्या कामाला लावली.

इथेच अनुकरणाचा पहिला धडा आहे. काबरा यांच्यापुढे आदर्श होता तो सरोदचा. सरोदच्या धातूच्या पट्टीवर नखाने स्वर धरतात आणि जव्याने आघात करतात. आघात ठसठशीत, नाद लवकर विरणारा. पोलादी कांडीखालची गिटारीची तार उलट बराच वेळ गात राहते. सरोदचे बोल जसेच्या तसे उतरवायचे म्हटले असते तर गिटार सरोदची गरीब बहीण ठरली असती. काबरा यांनी गुरूकडून रागाची बढत घेतली, स्वरापाशी थांबण्याची सबुरी घेतली आणि आघातांची संख्या कमी ठेवून एका आघातात मावेल तेवढी मींड भरली. त्यांचे वादन गायकीच्या जवळ वाटते ते यामुळे. गुरूच्या वाद्याचा आवाज त्यांनी काढला नाही. गुरूचा विचार आपल्या वाद्याला विचारून घेतला.

घरगुती मुद्रणांत बहुधा याच्या उलट घडते. पहिला भर नादावर असतो. जुनी पोकळ गिटार शोधायची, जाड तारा लावायच्या, वर कृत्रिम घुमारा चढवायचा. हा घुमारा मींडेचा शेवट झाकतो, आणि काबरा यांच्या वादनात शेवटच महत्त्वाचा असतो. त्यात मोबाइलची एक खोड आहे. आवाज लहान झाला की पुष्कळ फोन आपण होऊन पातळी वाढवतात, आणि बारीक आवाज खरखर समजून पुसूनही टाकतात. विरत जाणारा स्वर त्यामुळे एकतर फुगतो किंवा मध्येच तुटतो. वादकाने ओसरती ठेवलेली तार यंत्र सपाट करते. नंतर तो ऐकतो तेव्हा आपल्या हातात ओसरणे नव्हतेच, असे त्याला वाटू लागते.

दुसरा भर स्वरांच्या नकलेवर. आता पट्टी न बदलता मुद्रणाची गती निम्मी करता येते, त्यामुळे प्रत्येक कणस्वर टिपून घेणे शक्य झाले आहे. साधन उत्तम आहे. परंतु टिपणात स्वर उतरतात, दोन स्वरांमधला प्रवास उतरत नाही. भूप घ्या, या मुद्रिकेतही तो आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. गंधारावरून पंचमावर मींड घ्यायची तर कांडीला दोन्ही मध्यमांच्या जागांवरून जावेच लागते, दुसरा रस्ता नाही. कांडी एकसारख्या वेगाने ओढली की मध्यम कानावर येतो आणि राग मलूल होतो. जाणता वादक गंधार रेंगाळत सोडतो, मधला पल्ला हलक्या दाबाने झपकन ओलांडतो आणि पंचमात अलगद उतरतो. त्यात आणखी एक मेख आहे. सुमारे २५ इंच लांबीच्या तारेवर मेरूपाशी या मींडेचे अंतर सुमारे ४ इंच भरते, तर त्याच तारेवर एक सप्तक वर ते २ इंचांवर येते. मींड तीच, पण हाताचा वेग निम्मा. हे गणित टिपणवहीत मांडून भागत नाही, ते मनगटात मुरावे लागते.

तिसरी गोष्ट गप्प राहण्याची. कांडी पुढे सरकते तेव्हा तिच्या मागचा तारेचा भाग कुजबुजत असतो. तो डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबावा लागतो. शेजारच्या तारा उजव्या तळव्याने मिटाव्या लागतात. ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही, पण न केल्यास सगळे खटकते. नकलेत हे हमखास सुटते, कारण मूळ मुद्रणात ते ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही त्याची नक्कल कशी करणार? तिथे शेजारी बसलेला गुरूच लागतो, निदान वादकाचे हात पाहायला मिळावे लागतात.

यावर कोणी म्हणेल, आपल्या संगीतात नक्कल ही तालमीची पहिली पायरीच आहे. बरोबर आहे. कुमार गंधर्व बालवयात थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत, हे सर्वश्रुत आहे. पण नंतर ते मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले, आणि बालगंधर्वांची पदे गायची वेळ आली तेव्हा त्यांनी कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्या एका शब्दात अनुकरणाची सारी समीक्षा आली आहे. काबरा यांच्या शिष्यवर्गातही तेच दिसते. देबाशिष भट्टाचार्य त्यांच्याकडे शिकले आणि तरफांनी भरलेल्या स्वतःच्या गिटारीवर, स्वतःच्या द्रुत लयीत वाजवू लागले. आवाजाच्या मोजपट्टीने ते गुरूपासून दूर गेले. मींडेच्या आणि बढतीच्या मोजपट्टीने ते त्याच घरचे आहेत.

मग घरच्या मुद्रणाचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. मात्र ते प्रदर्शनाऐवजी आरशासारखे वापरावे. फोनमधली आवाज सावरणारी सोय बंद करावी, घुमारा काढून टाकावा. मूळ तुकडा आणि आपला तुकडा लागोपाठ ऐकताना स्वर जुळले का हे विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत : मींड कुठे रेंगाळते, तार किती काळ एकटी गाते, आणि दोन वाक्यांमध्ये किती शांतता आहे. नंतर तोच राग घेऊन मुद्रिकेत नसलेली दोन वाक्ये वाजवावीत. ती वाक्ये काबरा यांच्या घरची वाटली, तर शैली थोडी तरी हाती आली. उसन्या वाक्यांवर ही परीक्षा होत नाही, कारण तिथे चूक आणि बरोबर दोन्ही आधीच ठरलेले असते.

काबरा यांच्यापुढे गिटारीवर असे रागसंगीत वाजवणाऱ्या कुणाचा कित्ता नव्हता. सरोद ऐकून आपल्या तारेने काय म्हणावे, हे त्यांना स्वतःच शोधावे लागले. त्यांच्या चाहत्यांपुढे त्यांच्या मुद्रिका आहेत, ही सोयही आहे आणि अडचणही. स्वरांच्या जागा मुद्रिका दाखवील. तिथवर पोचण्याची वाट ज्याची त्याने, आपल्या कांडीने, काढायची आहे.