सर्पिणी आई आणि भिंतीतला सुरा

भयकथेतले भूत बहुधा बाहेरून घरात शिरते. काझुओ उमेझू (१९३६–२०२४) या जपानी चित्रकथाकाराने ते आईच्याच रूपात घरात आणले. १९५५ पासून ते पुस्तके काढत होते. पण त्यांचा खरा दबदबा निर्माण झाला तो १९६५ मध्ये, 'शोजो फ्रेंड' या मुलींच्या साप्ताहिकातील 'मामा गा कोवाई', म्हणजे 'आईची भीती वाटते', या कथेने. रुग्णालयातली एक सर्पस्त्री हुबेहूब आईसारखी दिसते आणि आईच्या जागी घरी येते. मुलीला ते कळते. वडिलांना पटत नाही. इथे सापापेक्षा भयंकर आहे ते मुलीवर कुणी विश्वास न ठेवणे.

'ह्योर्यू क्योशित्सु' अर्थात 'वाहून गेलेली शाळा' (१९७२–७४) ही त्यांची सर्वांत गाजलेली मालिका. आईशी भांडून शो शाळेत जातो आणि आठशेहून अधिक जणांसह ती शाळाच उजाड भविष्यकाळात फेकली जाते. शिक्षक एकेक करून कोसळतात. उपासमार, रोगराई, हाणामारी मुलांच्या वाट्याला येते. प्रदूषणाचा इशारा म्हणून ही मालिका वाचली जाते, ते योग्यच. मला मात्र ती १९६५ च्या कथेला दिलेले उत्तर वाटते. तिथे आई शेजारी असून परकी होती. इथे ती काळापलीकडे असून मुलाची हाक ऐकते. लोक तिला वेडी ठरवतात, तरी ती हॉटेलच्या भिंतीत सुरा लपवते आणि तो भविष्यात शोच्या हाती लागतो. विश्वास न ठेवला जाण्याचे मुलीचे दुःख आता आईच्या वाट्याला आले आहे.

उमेझूंनी आईला पुन्हा त्यागमूर्तीच केले, असा आक्षेप घेता येईल. पण शेवट पाहावा. एक लहानगा तेवढा परततो, शोची रोजनिशी घेऊन. शो परतत नाही. आईची माया सुरा पोचवू शकते, मुलाला परत आणू शकत नाही. मोठ्यांनी नासवलेल्या जगात मुलांनाच राहायचे आहे, हे उमेझूंनी मुलांच्याच साप्ताहिकात, कोणतीही गोड समजूत न घालता सांगितले. २०१८ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवाने त्यांच्या 'माझे नाव शिंगो' या मालिकेला वारसा पुरस्कार दिला. पण भयकथेला बालिश समजणाऱ्यांना द्यायचे उत्तर मला त्या भिंतीतल्या सुऱ्यातच दिसते.