'चालू' आणि 'चालु' : शब्दसाम्याचा मोह

दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसले की त्यांचे रक्ताचे नाते जोडून मोकळे व्हावे, ही आपल्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांची जुनी खोड आहे. एके काळी प्रत्येक मराठी शब्द संस्कृतातून ओढून आणण्याची चढाओढ असे. पुढे तमिळ-तेलुगूकडे बोट दाखविण्याची आली. विश्वनाथ खैरे यांनी 'संमत', म्हणजे संस्कृत, मराठी व तमिळ यांचा एकत्र विचार, मांडून मराठीतील द्राविड अंशाकडे आपले लक्ष वेधले, हे त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु साम्य हा शोधाचा आरंभ असतो, पुरावा नव्हे. मुधोळकडील एका शब्दावरून हे दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

हे मुधोळ घोरपड्यांच्या संस्थानाचे कर्नाटकातील मुधोळ नव्हे. (नाव एक, गावे दोन, हाही आमच्या विषयाचाच दाखला.) आम्ही म्हणतो ते गोदावरीकाठच्या बासरजवळचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ते नांदेड जिल्ह्यात होते. त्या वर्षी मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबादेस जोडली गेली, तर किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून मुंबई राज्यात आले. २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, मराठी आणि तेलुगू मात्र एका अंगणात राहिल्या.

अशा ठिकाणच्या पंगतीची कल्पना करावी. वाढपी मराठी, पाहुणा तेलुगू. भाताचे दोन घास पानात पडताच पाहुणा म्हणतो, 'चालु'. त्याच्या मनात 'पुरे'. वाढप्याच्या कानी 'चालू द्या'. पानात भाताचा डोंगर होतो. एकाच ध्वनीने एक थांबवितो, दुसरा पुढे रेटतो.

मराठी 'चालू' हा संस्कृत 'चल्' धातूच्या कुळातील. चाल, चालणे, चालना हे त्याचे सोयरे; 'लागणे'पासून 'लागू' तसा 'चालणे'पासून 'चालू'. तेलुगू 'चालु'चे घर निराळे. 'चालदु' म्हणजे पुरत नाही, 'चाला' म्हणजे पुष्कळ. तमिळातही याच धातूला विपुलतेचा अर्थ आहे. म्हणजे एकाच्या मुळाशी गती, दुसऱ्याच्या मुळाशी भरलेपण. हा निर्णय परभाषेतील तोंडवळा पाहून होत नाही; शब्दाचे स्वतःच्या घरातील आप्त तपासावे लागतात. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा ग्रंथ लिहिताना ध्वनिपरिवर्तनाच्या नियमितपणावर जो भर दिला, तो याचसाठी.

मग दोन्ही भाषांत नाते नाहीच काय? आहे, पण ते शब्दात नसून उच्चारात आहे. मराठीत 'चोर' आणि 'चिंच' यांतील आरंभीचे च भिन्न आहेत: पहिला दंत्य, दुसरा तालव्य. तेलुगूतही परंपरेने 'चालु'तील च दंत्य व 'चेट्टु' (झाड) मधील तालव्य. पंगतीत घोटाळा होतो तो शेजाराने आलेल्या या समान उच्चारामुळे. भिन्न कुळांच्या भाषा शेजारामुळे सारख्या होतात, हे मांडणारा एमेनो यांचा भारतीय भाषाक्षेत्रावरील लेखही १९५६ सालचाच. राज्ये भाषेच्या रेघेने विभागली गेली त्याच वर्षी हा लेख यावा, याची आम्हास गंमत वाटते.

खरे नातेही कधी अर्थ बदलून बसते. तेलुगू 'पिल्ला' मुलीलाही म्हणतात आणि प्राण्याच्या पोरालाही. मराठी 'पिल्लू' माणसाच्या बाबतीत केवळ लाडाने. येथे द्राविड मूळ मानण्यास आधार आहे. उलट मराठी 'ऊर' म्हणजे छाती, संस्कृत 'उरस्'पासून. तेलुगू 'ऊरु' म्हणजे गाव. यांचा परस्परांशी संबंध नाही.

सीमेवरील शिक्षकाला हे केवळ पांडित्य नाही. मुलाने वहीत 'मला भात चालू' असे लिहिले, तर ते वाक्य मराठीत चुकले, हे खरे. पण मुलाला भाषा येत नाही, असा शेरा मारणे अन्यायाचे होईल. त्याच्याजवळ दोन भाषा आहेत आणि त्याने एकीचा शब्द दुसरीत ठेवला आहे. शेरा मारण्यापूर्वी त्याला 'चालू म्हणजे काय रे?' एवढे विचारावे.

ग्रामनामांच्या शेवटी येणाऱ्या 'ऊर'चा प्रश्न याहून अवघड आहे. लातूरचे जुने रूप लट्टलूर. राष्ट्रकूट स्वतःस तेथील अधिपती म्हणवीत. तेथे 'गाव' या अर्थाचा द्राविड ऊर दिसतो. परंतु प्राकृतात 'नूपुर'चे 'णेउर' झाले, तसे 'पुर'चेही 'उर' होऊ शकते. तेव्हा अशा प्रत्येक गावाचे जुने शिलालेख आणि ताम्रपट उघडूनच काय ते ठरविले पाहिजे.