अवरक्त प्रतिमांकन व ‘ऑक्सिडीभवन निर्देशांक’ : एक चिकित्सा

बहुवारिकांच्या ऱ्हासाच्या अभ्यासात अवरक्त वर्णपटीय प्रतिमांकनाने मोलाची भर घातली, याबद्दल दुमत नाही. नमुन्याच्या प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट मिळत असल्याने ऑक्सिडीभवन कोठे झाले, हे समजते. मात्र त्या रंगीत नकाशातून नेमके काय सिद्ध होते, याविषयी पुरेशी सावधगिरी बाळगली जात नाही.

कृत्रिम सांध्यांतील अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये हे द्रव्य खुब्याच्या सांध्यासाठी वापरात आणले. पुढे असे भाग हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जात. त्यातून निर्माण होणारी मुक्त मूलके दीर्घकाळ टिकतात व ऑक्सिजनशी संयोग पावतात. म्हणजे रुग्णाच्या शरीरात बसविण्यापूर्वी, वेष्टनात असतानाच, तो भाग जीर्ण होऊ लागतो. पातळ कापांचे सूक्ष्मदर्शीय अवरक्त मापन केले असता सर्वाधिक ऑक्सिडीभवन पृष्ठभागावर नव्हे, तर त्याखाली साधारण १ ते २ मिलिमीटरवर आढळले. केवळ पृष्ठभाग तपासणाऱ्यास ते कधीच दिसले नसते.

परंतु हेच उदाहरण पद्धतीची मर्यादाही उघड करते. शरीरातून काढलेल्या भागात सांध्यातील द्रवामधील मेदद्रव्ये शोषली गेलेली असतात. त्यांचा कार्बोनिल पट्टा १७४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे केटोनच्या १७२० च्या पट्ट्याला खेटूनच येतो. विद्रावकाने मेद काढल्याविना मोजलेला निर्देशांक ऑक्सिडीभवनाचा की मेदाचा, हे कसे ठरवावे? उघड्यावरील प्लॅस्टिकच्या प्रकाशजन्य ऱ्हासात अडचण निराळी आहे. तेथे नॉरिश प्रकार २ ची अभिक्रिया केटोन गटांची संख्या न वाढविता शृंखला तोडते. खूण उरते ती ९०९ च्या व्हिनिल पट्ट्यात. एकट्या कार्बोनिलवर विसंबणाऱ्याच्या हिशेबात ही तूट येतच नाही.

राहिला प्रश्न सूक्ष्मतेचा. १७२० च्या किरणांची तरंगलांबी सुमारे ५.८ मायक्रोमीटर असते. त्याहून पुष्कळ बारीक चौकटींचा नकाशा काढल्यास तपशील वाढत नाही, चित्र तेवढे देखणे होते (आणि देखण्या चित्राला परीक्षकही भुलतात). जर्मेनियमच्या स्फटिकाने ही मर्यादा बरीच मागे सारता येते; पण मग तपासणी एका मायक्रोमीटरहूनही कमी खोलीपुरती उरते, आणि पॉलिएथिलीनच्या सांध्यातील दोष तर मिलिमीटरभर आत दडलेला असतो.