धारणक्षेत्र आणि शेतीची उत्पादकता : डॉ. आंबेडकरांच्या १९१८ च्या निबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :
शेताचा आकार आणि शेतीची उत्पादकता यांचा परस्परसंबंध हा विकसनशील देशांच्या कृषी अर्थशास्त्रातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या प्रश्नांपैकी एक आहे. या चर्चेचा आरंभ साधारणतः १९६० च्या दशकातील संशोधनापासून सांगितला जातो. परंतु मुंबई इलाख्यात हा प्रश्न त्याच्या किमान चार दशके अगोदर मांडला गेला होता आणि त्याची सर्वांत मूलगामी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली होती. भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावरील त्यांचा इंग्रजी निबंध १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. या निबंधातील युक्तिवाद नंतरच्या संशोधनाच्या आणि महाराष्ट्राच्या अनुभवाच्या कसोटीवर कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

निबंधाची पार्श्वभूमी :
मुंबई इलाख्याचे कृषी संचालक जी. एफ. कीटिंग यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात आर्थिकदृष्ट्या परवडणाऱ्या धारणक्षेत्राची कल्पना मांडली. ज्या जमिनीतून आवश्यक खर्च वजा जाता शेतकऱ्याचे कुटुंब बऱ्यापैकी सुखाने राहू शकेल, ते परवडणारे धारणक्षेत्र, अशी त्यांची व्याख्या होती. दख्खनसाठी चाळीस ते पन्नास एकरांचे एकसलग, विहीर असलेले क्षेत्र त्यांना आदर्श वाटत होते. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी ही मर्यादा सुमारे वीस एकर मानली. मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते आजही उद्धृत केले जातात. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते.

या आकड्यांवरून सरळ निष्कर्ष असा काढला जात होता की, जमीन लहान म्हणून शेतकरी गरीब. सबब तुकडे जोडावेत आणि वारसाहक्काने होणारी वाटणी रोखावी. बडोदा संस्थानाने नेमलेल्या समितीचा विचारही एकत्रीकरणाच्याच दिशेने जाणारा होता.

आंबेडकरांचा युक्तिवाद :
डॉ. आंबेडकरांनी या विचारसरणीच्या मुळावरच बोट ठेवले. त्यांचा पहिला आक्षेप व्याख्येवर आहे. कुटुंबाच्या उपभोगावरून शेताचा योग्य आकार ठरवणे तर्कदुष्ट आहे. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय असल्याने तिचा आकार उत्पादनाच्या दृष्टीनेच ठरवला पाहिजे. दुसरा आक्षेप यातूनच निघतो. उत्पादन केवळ जमिनीतून होत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणातून होते. त्यामुळे नुसत्या एकरांच्या संख्येला आर्थिक अर्थ नाही. ज्या शेतकऱ्याकडे पुरेसे बैल व औते नाहीत त्याच्यासाठी आहे तीच जमीन लहान नसून उलट मोठी आहे, असा धक्कादायक वाटणारा परंतु तर्कशुद्ध निष्कर्ष त्यांनी काढला.

तिसरा मुद्दा उपायाचा. एकत्रीकरण म्हणजे विखुरलेले तुकडे जोडणे आणि विस्तार म्हणजे धारणक्षेत्र वाढवणे; या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. जमिनीवरील लोकसंख्येचा भार कायम असताना कोणताही कायदा धारणक्षेत्र मोठे ठेवू शकणार नाही. शेतीत अडकलेले रिकामे श्रम उत्पादनात भर न घालता उपभोग मात्र घेतात, त्यामुळे बचत होत नाही व भांडवल साठत नाही. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा खरा उपाय शेतीबाहेर, म्हणजे औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रच्छन्न बेकारीची संकल्पना अर्थशास्त्रात रूढ होण्यापूर्वीची ही मांडणी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळून येते.

नंतरच्या संशोधनाची कसोटी :
१९५० च्या दशकात केंद्र सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या करविल्या. तत्कालीन मुंबई राज्यात अहमदनगर व नाशिक हे जिल्हे त्यासाठी निवडले होते. या पाहण्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये मुंबईहूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली'त तीन निरीक्षणे नोंदवली. कुटुंबाच्या श्रमाला बाजारातील मजुरी लावली तर भारतीय शेतीचा बराच भाग तोट्यात दिसतो. शेताच्या आकाराबरोबर नफ्याचे प्रमाण वाढते. आणि तरीही दर एकरी उत्पादन मात्र आकार वाढतो तसे घटते. सेन यांचे स्पष्टीकरण असे की, घरच्या माणसांना अन्यत्र काम नसल्याने लहान शेतकरी आपल्या रानात अधिकाधिक राबतो. मजूर लावणारा मोठा शेतकरी मात्र मजुरी वसूल होईल तिथेच थांबतो.

वरवर पाहता हे निरीक्षण आंबेडकरांच्या विरोधात जाते. त्यांना जे श्रम रिकामे दिसले, तेच येथे एकरी उत्पादन वाढवताना दिसतात. परंतु हा विरोध मापनाच्या एककामुळे निर्माण होतो. एकरी उत्पादन पाहिले तर लहान शेत सरस ठरते. दरडोई श्रमाचे उत्पादन पाहिले तर तेच शेत दारिद्र्याचे कारण ठरते. लहान शेताची एकरी कार्यक्षमता ही बव्हंशी शेतकऱ्याच्या नाइलाजाची किंमत आहे. आंबेडकरांनी घटकांच्या प्रमाणाचा आग्रह धरला होता, तो या दोन्ही मापांना एकत्र पाहण्यासाठी आजही उपयुक्त आहे.

पुढील संशोधनाने या व्यस्त संबंधाचीही छाननी केली. मादागास्करमधील मृदापरीक्षणावर आधारित अभ्यासाने (२०१०) जमिनीच्या कसाचा वाटा तपासला, तर इथिओपियातील अभ्यासाने (२०१८) असे दाखवले की, शेतकऱ्याने सांगितलेल्या उत्पन्नाऐवजी पीक कापणीचे मोजमाप घेतले तर हा संबंध नाहीसा होतो. पैसेवारीचे वाद परिचित असलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. भारताबाबत फॉस्टर व रोझेनझ्वाइग यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इक्रिसॅटची ग्रामपाहणी वापरली आहे. सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावे १९७५ पासून या पाहणीत आहेत. आकार वाढतो तशी उत्पादकता प्रथम घटते व पुढे यंत्रांचा वापर शक्य झाल्यावर वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आकाराचे महत्त्व भांडवलाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे १९१८ चेच सूत्र येथे वेगळ्या रूपात भेटते.

शिवाय एकर हे एककही एकजिनसी नाही. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यानेच १९७५ पासून बारमाही बागायतीसाठी १८ एकर आणि कोरडवाहूसाठी ५४ एकर अशी मर्यादा ठेवून ही गोष्ट मान्य केली आहे. पाण्याला वगळून केलेली आकाराची चर्चा या राज्यात निरर्थक ठरते.

युक्तिवादाच्या मर्यादा :
निबंधाच्या मर्यादा उपायाच्या भागात दिसतात. औद्योगिकीकरणाने माणूस शेतीतून बाहेर पडला की धारणक्षेत्र मोठे होईल, ही साखळी मुंबईच्याच अनुभवाने तपासता येते. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसे प्रथम गिरणगावात आणि स्वातंत्र्यानंतर घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी येथील कारखान्यांत आली. परंतु सातबाऱ्यावरील नाव कोणी सोडले नाही. शहरातील नोकरी बेभरवशाची असताना गावची जमीन हाच विमा होता. १९८२ च्या गिरणी संपात अनेकांना गावानेच आधार दिला. पुढे उपनगरांतील कारखानेही बंद पडत गेले, तेव्हा ही सावधगिरी वावगी नव्हती हे सिद्ध झाले.

दुसरी तुटलेली कडी भाडेपट्ट्याची. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला. पण कूळ लागेल या भीतीने गैरहजर मालक जमीन दुसऱ्याला कसायला देईनासा झाला. परिणामी कोकणात श्रम बाहेर गेले तरी शेते मोठी झाली नाहीत. ती सामाईक खात्यात अडकून पडली किंवा ओस राहिली. तिसरी उणीव स्त्रियांच्या श्रमाची आहे. पुरुष मुंबईला गेल्यावर भातखाचरे स्त्रियांनी सांभाळली. रिकामे श्रम या कोटीत त्यांचे काम नेमके कोठे बसते, याचे उत्तर निबंधात मिळत नाही.

यातील काही भाग आंबेडकरांनी स्वतःच पुढे नेला, हेही नोंदवले पाहिजे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. वाटणी रोखल्याने भूमिहीनांची संख्या वाढेल, त्यापेक्षा मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीने शेती करावी, अशी त्यांची भूमिका होती. ते विधेयक कायद्यात उतरले नाही. परंतु १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झालाच. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. या काळात खात्यांची संख्या सुमारे ४९.५ लाखांवरून १.५३ कोटींवर गेली. कायद्याने आकार टिकत नाही, हे १९१८ चे भाकीत या आकड्यांनी खरे ठरवले आहे.

समारोप :
लहान शेती अकार्यक्षम आहे म्हणून शेतकऱ्याने ती सोडावी, आणि लहान शेती कार्यक्षम आहे म्हणून तिला मदतीची गरज नाही, ही दोन्ही विधाने आकारालाच कारण मानतात आणि म्हणून सारखीच सदोष आहेत. डॉ. आंबेडकरांच्या निबंधाचे चिरंतन मूल्य हा भ्रम दूर करण्यात आहे. मात्र त्यांनी सुचवलेल्या मार्गाला शाश्वत रोजगार, निर्धास्त भाडेपट्टा आणि स्त्रियांच्या श्रमाची नोंद यांची जोड द्यावी लागेल. डॉ. मॅन यांनी पाहिलेले पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरातील इमारतींत मिसळून गेले आहे. तेथील धारणक्षेत्राचा प्रश्न जमिनीच्या भावाने मिटवला. जिथे असा भाव येणार नाही, त्या असंख्य कोरडवाहू गावांसाठी तो प्रश्न अद्याप अभ्यासकांसमोर उभा आहे.