‘रॉक स्कूल’ : शिक्षणप्रक्रिया आणि सादरीकरण

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा लघुपट तयार केला. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून त्यांनी नुसत्या डोळ्यांना न जाणवणारी वाढ पडद्यावर आणली. शिक्षणविषयक अनुबोधपटालाही हाच निकष लावता येतो. त्यात वाढ दिसते काय? डॉन अर्गॉट दिग्दर्शित ‘रॉक स्कूल’ (२००५) या अमेरिकी अनुबोधपटाचे मूल्यमापन या दृष्टीने उद्बोधक ठरते.

फिलाडेल्फिया येथील पॉल ग्रीन यांच्या शाळेत ९ ते १७ वयोगटातील मुलांना दिले जाणारे रॉक संगीताचे शिक्षण हा या अनुबोधपटाचा विषय आहे. जर्मनीतील ‘झॅपानाले’ महोत्सवातील सादरीकरण हा त्याचा उत्कर्षबिंदू. फ्रँक झॅपा यांच्या रचना विषम लयींच्या व गुंतागुंतीच्या आहेत. मुलांसाठी त्या सोप्या न करता मूळ स्वरूपात शिकविण्याचा ग्रीन यांचा आग्रह निश्चितच मोलाचा आहे. परंतु ते विद्यार्थ्यांवर ओरडतात, त्यांचा पाणउताराही करतात, आणि कॅमेरा याच आविष्कारात गुंतून राहतो. परिणामी रागावणे दिसते, यशस्वी सादरीकरण दिसते. चुकलेला स्वर दुरुस्त कसा झाला, हे मात्र क्वचितच दिसते.

कठोर शिस्त भारतीय परंपरेलाही परकी नाही. त्र्यंबकेश्वरी चालत आलेल्या वेदाध्ययनात गुरूने संथा द्यावी आणि शिष्याने ती पुनःपुन्हा म्हणावी, अशी रीत आहे. तथापि तेथील काठिन्य मुख्यतः आवृत्तीचे असते. चूक उच्चारातच पकडली जाते. ‘रॉक स्कूल’मध्ये हा आवृत्तीचा काळच संकलनात हरवतो.

संगीतात फारशी गती नसलेला, नैराश्याशी झगडणारा एक विद्यार्थी या अनुबोधपटात आहे. त्याला शाळेत मिळालेला आधार कोणत्याही मैफलीत मोजता येत नाही. अनुबोधपटातील सर्वांत अर्थपूर्ण शैक्षणिक आशय येथे आहे. दिग्दर्शकाचे लक्ष मात्र अखेरीस रंगमंचाकडेच वळते.

युवक महोत्सवातील पारितोषिकांवरून कलाशिक्षणाचे यश ठरविणाऱ्या महाविद्यालयांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. सादरीकरण हे शिक्षणाचे फळ असू शकते. परंतु फळाचे चित्रण म्हणजे वाढीचे चित्रण नव्हे. फाळके यांच्या लघुपटाने तो भेद शतकापूर्वीच दाखवून दिला होता.